सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही

मुलगा चांगला आहे हे सांगायचं असलं की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं आहे: सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. बोरिवलीहून आलेल्या एका आईने माझ्यासमोर हे वाक्य तीनदा म्हटलं. मी दादरला समुपदेशनाचं काम करते. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) सव्वीस वर्षांचा मुलगा शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बसला होता. दारू नाही, सिगारेट नाही, रात्री-अपरात्री बाहेर जाणं नाही. ऑफिसातून आला की जेवायचा आणि मोबाईल घेऊन पलंगावर आडवा व्हायचा. पोरगा डोळ्यांसमोर आहे, म्हणून घरच्यांना उलट बरंच वाटायचं. मग एक दिवस वसुलीवाल्याचा फोन थेट आईच्या मोबाईलवर आला. चार लोन ॲप, दोन क्रेडिट कार्डं, मामाकडून ‘मित्राच्या ऑपरेशनसाठी’ घेतलेले पैसे, आणि आईच्या कपाटातल्या पाटल्या. सगळे पैसे आधी ऑनलाइन रमीत गेले आणि ती बंद झाल्यावर ऑप्शन ट्रेडिंगमध्ये, म्हणजे शेअरचे भाव चढतील की उतरतील यावर पैसे लावण्यात.

“पण मॅडम, याला व्यसन कसं म्हणायचं? याच्या पोटात तर काहीच गेलं नाही.”

आईचा प्रश्न अगदी बरोबर होता. वैद्यकशास्त्रालाही हा प्रश्न सोडवायला बरीच वर्षं लागली. म्हणून तो जरा नीट उलगडून सांगते.

गंमत अशी की आपल्या जुन्या भाषेत व्यसन म्हणजे फक्त दारू कधीच नव्हती. संस्कृतात ‘व्यसन’चा एक अर्थ संकट, विनाश. मनुस्मृतीत राजाने टाळायच्या व्यसनांची यादी आहे, तिच्यात मद्यपानाच्या जोडीला द्यूत आणि शिकार आहे, दिवसा झोपणं आणि उगाच भटकणंसुद्धा आहे. त्याच्याही कितीतरी आधी, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या चौतिसाव्या सूक्तात एक जुगारी स्वतःची कहाणी सांगतो. बायको दूर गेली, सासू तिरस्कार करते, कर्ज झालंय. आता मित्रांबरोबर खेळायला जायचंच नाही असं तो ठरवतो. मग फाशांचा आवाज कानावर येतो आणि त्याचे पाय तिकडे वळतात. माझ्याकडे येणाऱ्यांत आणि त्याच्यात मला फरक फक्त फाशांचा दिसतो. मराठीतही आपण छंद, नाद, चटक, आहारी जाणं असे किती बारीक भेद करतो! मधल्या काळात ‘व्यसनमुक्ती’ हा शब्द दारू, तंबाखू, गर्दपुरता आक्रसला आणि बाकीच्या गोष्टी ‘सवय’ या खात्यात गेल्या.

डॉक्टरांच्या पुस्तकातही साधारण हेच झालं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने जुगाराचा आजार १९८० मध्ये आपल्या आजारांच्या यादीत घेतला, पण तो आवेग आवरता न येण्याच्या विकारांत ठेवला. २०१३ मध्ये मात्र तो तिथून उचलून दारू आणि अफूच्या शेजारी, व्यसनांच्या प्रकरणात आणून ठेवला. मेंदूतल्या घडामोडी, आनुवंशिकता, आजाराची वाटचाल आणि उपचार या सगळ्यांत दोन्हींचं साम्य इतकं दिसत होतं की वेगळं ठेवण्याला अर्थ उरला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीला २०१९ मध्ये मंजुरी मिळाली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती लागू झाली. तिच्यात जुगाराबरोबर गेमिंगचा विकारही आला. खरेदी, काम, रील्स, नुसता मोबाईल हे या यादीत व्यसन म्हणून आलेले नाहीत. त्यांचा त्रास होत नाही असा याचा अर्थ नाही, पण शिक्का मारण्याइतका पुरावा अजून जमलेला नाही. लैंगिक वर्तनावरचा ताबा सुटणं यादीत आहे, पण आवेगाच्या विकारांत, आणि त्याबद्दल तज्ज्ञांत अजून वाद चालू आहेत.

आता पोटात काही न जाता व्यसन लागतं कसं?

डोपामिन हे नाव हल्ली सगळ्यांच्या तोंडी असतं. ‘आनंदाचं रसायन’ म्हणून त्याची ओळख करून देतात आणि तिथेच घोटाळा होतो. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग या बाबतीत फार बोलके आहेत. माकडाला अचानक फळांचा रस मिळाला की मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी जोरात चेतवल्या जायच्या. रसाआधी दरवेळी दिवा लागतो हे माकड शिकलं की त्या पेशी दिवा लागताच चेतायच्या, रस आल्यावर नाही. आणि दिवा लागूनही रस आलाच नाही, तर त्यांचं काम नेहमीपेक्षा मंदावायचं. म्हणजे या पेशी हिशोब ठेवतात तो अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांच्यातल्या फरकाचा. लोकलचंच बघा. चर्चगेटला सुटणाऱ्या गाडीत रोज बसायला मिळणाऱ्याला खिडकीचं काही वाटत नाही. अंधेरीला भर गर्दीत चढलेल्याला अवचित तिघांच्या बाकावरची चौथी सीट मिळाली, तर तो ते घरी जाऊन सांगतो. पुढे २००३ मध्ये असंही दिसलं की बक्षीस मिळण्याची शक्यता अर्धी-अर्धी असते, तेव्हा वाट पाहण्याच्या काळात या पेशी सर्वांत जास्त जाग्या राहतात. ‘येईल की नाही’ हीच मेंदूला सर्वांत ताणून धरणारी अवस्था आहे.

मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर हेच वेगळ्या वाटेने दाखवलं होतं. चोच मारली की दरवेळी दाणा मिळत असेल, तर दाणे बंद झाल्यावर कबुतर लवकर नाद सोडतं. कधी तिसऱ्या, कधी चाळिसाव्या टोचीला दाणा मिळत असेल, तर ते टोचतच राहतं.

मला हे पुस्तकाआधी चाळीत कळलं होतं. माझं बालपण लालबागचं. मटका तिथे भाजीबाजारासारखा रोजचा होता. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडताना आणि बंद होताना जे भाव असत, ते तारेने मुंबईत येत आणि त्यांच्या आकड्यांवर पैसे लागत. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथूनच राहिले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तो मार्ग बंद झाला, तेव्हा आकडे इथेच काढायची पद्धत सुरू झाली. कल्याणजी भगत आणि रतन खत्री ही या धंद्यातली सर्वांत मोठी नावं. तीन पत्ते काढायचे, त्यांची बेरीज करायची, बेरजेचा शेवटचा अंक म्हणजे ओपन. दोन, पाच, आठ आले तर पंधरा, म्हणजे ओपन पाच. तसाच क्लोज. दोन्ही मिळून जोडी. एका आकड्याला रुपयामागे साधारण नऊ रुपये मिळत. शक्यता मात्र दहात एक. म्हणजे दर दहा रुपयांतला एक बुकीचा, हे आधीच ठरलेलं.

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका गिरणीत होते. त्यांच्याकडे एक लांबट वही होती, किराणावाल्याच्या उधारीच्या वहीसारखी. रोजचे आकडे निळ्या शाईने, स्वतः लावलेले लाल शाईने. सकाळी बायकोला विचारायचे, “काही स्वप्न पडलं का गं?” साप, पाणी, लग्न, प्रत्येकाचा आकडा ठरलेला. आणि संध्याकाळी कट्ट्यावर बसून सांगायचे, “काल चार आला, मी तीन लावला होता. एका आकड्याने हुकलं.” हे सांगताना त्यांचा चेहरा हरलेल्या माणसाचा नसायचा, जिंकता-जिंकता राहिलेल्याचा असायचा. खरं पाहिलं तर पत्त्यांच्या बेरजेत तीन आणि चार हे काही शेजारी नसतात. तीन लावून चार आला काय आणि नऊ आला काय, हार तेवढीच. पण मेंदूला ते पटत नाही. केंब्रिजमध्ये ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हेच मेंदूच्या स्कॅनमध्ये पाहिलं: थोडक्यात हुकलेली हार लोकांना साध्या हारीपेक्षा जास्त अप्रिय वाटत होती, तरीही तिने खेळायची इच्छा वाढत होती आणि मेंदूत जिंकल्यावर चेतणारे भाग चेतत होते. तीन चित्रं जुळवायच्या स्लॉट मशीनसारख्या गेमात दोन चित्रं जुळतात आणि तिसरं एका घराने हुकतं, ते असं ठरवूनच बनवलेलं असू शकतं.

काका आठवले की मला आणखी एक गोष्ट दिसते. त्यांना ओपननंतर क्लोजची वाट बघावी लागायची. मधल्या वेळेत पाळी असायची, जेवण असायचं, झोप असायची. आकडा लावायला बुकीच्या माणसापर्यंत चालत जावं लागायचं आणि गिरणीच्या पगाराला तळ होता. बोरिवलीच्या त्या मुलाला यातलं काहीच आडवं आलं नाही. त्याचा निकाल दर मिनिटाला बदलत होता, पैसे अंगठ्याने जात होते, आणि तळ लागला की त्याच फोनवर दहा मिनिटांत कर्ज मिळत होतं. व्यसन लावण्याची ताकद दोन गोष्टींत असते: अनिश्चित बक्षीस, आणि एका डावापासून दुसऱ्या डावापर्यंतचं अंतर. हे अंतर जितकं कमी, तितकं शुद्धीवर यायला वाव कमी. मटक्याचं मी समर्थन करत नाही, त्याने आमच्या चाळीतली दोन घरं उठवली. पण त्या घरांना उठायला वर्षं लागली होती.

शेअर बाजारात उतरणारा प्रत्येक जण जुगारी नसतो, हे स्पष्ट सांगायला हवं. एसआयपी भरून विसरून जाणारे कितीतरी आहेत. पण शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले होते: तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे भावांच्या चढउताराच्या सौद्यांत, उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त होता. हे आकडे व्यसनाचे नाहीत, तोट्याचे आहेत. माझ्याकडे येतात ते या तोट्यानंतर थांबू न शकलेले. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी आणली, मला ते योग्यच वाटलं. मात्र ज्याला ओढ लागलेली आहे, तो दार बंद झालं की खिडकी शोधतो.

आमच्या तिसऱ्या भेटीत मी त्या मुलाला विचारलं, “जिंकायचास तेव्हा कसं वाटायचं?”

“खरं सांगू? शेवटी-शेवटी काहीच वाटायचं नाही.”

“मग लावत का होतास?”

“लावल्याशिवाय बसवायचं नाही.”

केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये मांडलेला विचार या एका वाक्यात आहे. एखादी गोष्ट आवडणं आणि ती हवी-हवी होणं, यांच्या मेंदूतल्या वाटा वेगळ्या आहेत. व्यसनात हवं-हवं वाढत जातं, आवड मात्र तिथेच राहते किंवा विझते. म्हणून ‘एवढी मजा वाटते तर भोग आता’ हे घरच्यांचं बोलणं त्याच्या कानावर परक्या भाषेसारखं पडतं. मजा कधीच संपलेली असते.

हा चारित्र्याचा दोष नाही, हे पटायला आणखी एक गोष्ट सांगते. पार्किन्सनच्या आजारात डोपामिनसारखं काम करणारी काही औषधं देतात, प्रॅमिपेक्सोल हे त्यांतलं एक. आयुष्यभर पत्त्याला हात न लावलेल्या काही रुग्णांना या गोळ्या सुरू झाल्यावर जुगाराचा किंवा खरेदीचा नाद लागल्याचं डॉक्टरांनी पाहिलं आहे, आणि औषध कमी केल्यावर किंवा बंद केल्यावर अनेकांचा तो सुटतोही. घरात कुणी ही औषधं घेत असेल, तर वागण्यातला असा बदल डॉक्टरांना जरूर सांगा.

ओळखायचं कसं, हा पुढचा प्रश्न. बहुतेक पालक तास मोजतात. तास फार थोडं सांगतात. मे महिन्याच्या सुट्टीत दिवसाचे सहा तास गेम खेळणारा मुलगा शाळा सुरू झाल्यावर सोडून देत असेल, तर काळजीचं कारण नाही. जागतिक आरोग्य संघटना गेमिंगच्या बाबतीत तीन गोष्टी बघायला सांगते: कधी सुरू करायचं आणि कधी थांबायचं यावरचा ताबा गेला आहे का, बाकी सगळ्याच्या आधी तेच येतं आहे का, आणि नुकसान समोर दिसत असूनही चालूच आहे का. आणि हे साधारण बारा महिने टिकलेलं असावं, प्रकरण फार गंभीर असेल तर त्याहून कमी काळही पुरतो. जुगारात आणखी काही गोष्टी दिसतात. रक्कम वाढवत न्यावी लागते, पाचशेत पूर्वीचा ताण येत नाही. बंद केलं की चिडचिड, तगमग, झोप उडणं. आणि सर्वांत घातक म्हणजे गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा लावणं. लपवाछपवी सुरू झाली की मी सावध होते. जो माणूस किती गेले हे बायकोला किंवा आईला सांगू शकतो, तो अजून काठावर आहे.

मुंबईच्या घरांबद्दल एक गोष्ट मला फार जाणवते. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं असतात. तिथे भांडण झालं तर जायला जागा नाही, रडायला जागा नाही. कानात हेडफोन घातला आणि स्क्रीन उजळला की तीच त्या मुलाची स्वतःची खोली होते. नैराश्य, चिंता, लहानपणापासूनचा अवधानाचा त्रास, नोकरीतला अपमान, यांतलं काहीतरी अनेकदा खाली असतं आणि स्क्रीन त्याच्यावर झाकण ठेवतो. म्हणून फोन काढून घेण्याआधी त्या खोलीत तो कशापासून लपतो आहे, हे विचारावं लागतं. ‘डोपामिन डिटॉक्स’ नावाचा प्रकार हल्ली चालतो; चार दिवस फोन लांब ठेवल्याने झोप सुधारेल, चांगलंच आहे, पण डोपामिन काही अंगात साठलेलं विष नव्हे की ते धुऊन निघेल.

घरचे प्रेमापोटी जे करतात, त्यातच बऱ्याचदा आजार वाढतो. पहिलं, गुपचूप कर्ज फेडणं. नातेवाइकांत बोभाटा नको म्हणून वडील पीएफ मोडतात, आणि मुलाच्या मेंदूला कळतं की तळ लागला तरी वाचवायला कुणीतरी आहे. दुसरं, देवासमोर शपथ घेणं. शपथ मोडली की अपराधीपणा येतो, आणि अपराधीपणा विसरायला त्याच्याकडे एकच ठिकाण असतं. तिसरं, “लग्न लावून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल.” हे कृपा करून करू नका. कुणाच्या तरी मुलीला न सांगता कर्जात ढकलणं आहे ते.

उपचार आहेत आणि ते चालतात. सर्वांत जास्त पुरावा आहे तो विचार आणि वर्तन यांच्यावर काम करणाऱ्या समुपदेशनाचा, ज्याला सीबीटी म्हणतात. त्यात ओढ कधी येते ते नोंदवायचं: पगाराच्या दिवशी, बॉस बोलल्यावर, रात्री सगळे झोपल्यावर. ओढ लाटेसारखी चढते आणि ओसरते, तेवढा वेळ कसा काढायचा ते ठरवायचं. ‘आता तर माझा आकडा येणारच’ असल्या हिशोबातली चूक कागदावर मांडून बघायची. पैशाचा कारभार काही महिने दुसऱ्याकडे, यूपीआयची मर्यादा कमी, ट्रेडिंग आणि लोनची ॲप काढलेली. मागचं कर्ज फेडायचं ते त्याच्याच पगारातून, हप्त्याने, सगळ्यांना माहीत असताना. नैराश्य असेल तर त्याचे औषधोपचार. जुगाराच्या काही रुग्णांना नाल्ट्रेक्सोन हे दारूच्या उपचारातलं औषधही उपयोगी पडतं, पण ते मानसोपचारतज्ज्ञानेच द्यायचं. मध्ये घसरण होते. ती झाली की उपचार फुकट गेले असं समजू नका. कुठे घसरला ते लिहून पुढे चालायचं.

मुंबईत केईएम, सायन, नायर, जे.जे. या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत आणि केसपेपरला फार पैसे लागत नाहीत. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत मोबाईल-गेमिंगच्या त्रासासाठी २०१४ पासून खास क्लिनिक चालतं. घरातून बाहेर पडवत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे. दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. एक गोष्ट अजिबात टाळू नका: जुगाराच्या कर्जात अडकलेल्यांत आत्महत्येचा धोका मोठा असतो, आणि सर्व उघडकीला येतं ते दिवस सर्वांत नाजूक असतात. ‘जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

बोरिवलीच्या मुलाला मी दुसऱ्या भेटीत एक काम दिलं होतं. कुणाकुणाचं किती देणं आहे ते आठवून कागदावर लिहायचं, मित्राचे दोनशे रुपयेसुद्धा. तोवर त्याने एकदाही बेरीज केलेली नव्हती. तो गॅसच्या बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर यादी लिहून घेऊन आला, सतरा ओळी. आईने पर्समधून चष्मा काढला. एकेक रक्कम तो वाचत गेला आणि ती मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर दाबत गेली. पाटल्यांपाशी तो थांबला, कारण त्यांची किंमत त्याला माहीत नव्हती. “लिही,” ती म्हणाली, “मी सांगते.”